लो-कॉस्ट विमानात सीट आणि बोर्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकीट काढून दिल्यावर आमच्याकडे जे फोन येतात, त्यातले निम्मे सीटबद्दल असतात आणि उरलेले गेटबद्दल. माणसं घाबरून नको तिथे पैसे भरतात आणि जिथे हक्क आहे तिथे गप्प बसतात, हे रोज बघतो. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. ती मुख्यतः भारतातल्या देशांतर्गत प्रवासासाठी आहेत: इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा, स्पाइसजेट आणि आपल्या गोव्याहून चालणारी फ्लाय९१. परदेशी कंपन्यांचं थोडं शेवटी आहे.

तिकिटाचे पैसे भरले, मग सीटचे वेगळे पैसे कशासाठी?

तिकिटाने तुम्हाला त्या विमानात एक जागा मिळते. ती जागा कुठली असावी हे ठरवायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, विमान कंपन्यांना काही सेवा मूळ भाड्यापासून सुट्या करून विकायची परवानगी दिलेली आहे. पसंतीची सीट, खाणंपिणं, खेळाचं सामान आणि वाद्यं नेणं अशा गोष्टी त्या यादीत येतात. पण त्यातच एक अट आहे, आणि ती लक्षात ठेवा: ही सेवा प्रवाशाने स्वतःहून निवडली तरच तिचे पैसे घ्यायचे. आधीच टिक मारून ठेवायची आणि नको असेल तर तुम्ही काढा, असं चालत नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने वेब चेक-इनला (विमानतळावर जायच्या आधीच ऑनलाइन चेक-इन करून बोर्डिंग पास काढणं) सगळ्याच सीटना पैसे लागतील असं जाहीर केलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेही हे नियमात बसतं का ते तपासू असं म्हटलं होतं. वेब चेक-इन म्हणजे पैसे, हा लोकांच्या मनातला गोंधळ आमच्या मते तेव्हापासूनचा आहे.

सीट निवडली नाही तर विमानात घेणार नाहीत का?

घेणार. कन्फर्म तिकीट असेल तर सीट मिळतेच. तुम्ही काही निवडलं नाही तर कंपनीची सिस्टीम आपोआप एक सीट देते, आणि डीजीसीएच्या परिपत्रकात तशी तरतूद आहे.

अडचण स्क्रीनवर होते. बुकिंग करताना विमानाचा नकाशा उघडतो, प्रत्येक चौकोनावर किंमत. खाली मोठ्या ठळक रंगात पुढे जाण्याचं बटण, आणि सीट न निवडता पुढे जायचा पर्याय मात्र बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात. तो दाबला की आणखी एक चौकट येते: तुम्हाला मधली सीट मिळू शकते, सोबतच्यांपासून लांब बसावं लागेल, नक्की का? इथे वयस्कर माणसं हमखास गडबडतात आणि पैसे भरून टाकतात. घाबरू नका. बारीक अक्षरातला पर्याय शोधा आणि पुढे जा. पैसे भरायच्या आधी शेवटच्या पानावर हिशेबाच्या ओळी एकदा वाचा. तिथे सीट किंवा विमा अशी न मागितलेली ओळ दिसली तर मागे जाऊन काढून टाका.

फुकटात खिडकी मिळवायची काही युक्ती आहे का?

खात्रीची नाही. आपोआप मिळालेली सीट बहुतेकदा मधली किंवा मागची असते, कारण पुढच्या आणि खिडकीच्या सीट विकायला ठेवलेल्या असतात. विमान रिकामं असेल तर काउंटरवर गोड बोलून विचारा, कधीकधी बदलून देतात. मात्र चांगल्या सीटच्या आशेने चेक-इन शेवटपर्यंत लांबवू नका. विमान जास्त विकलं गेलं असेल तर सगळ्यात उशिरा चेक-इन करणाराच बाहेर राहायची शक्यता जास्त. देशांतर्गत प्रवासाचं वेब चेक-इन अनेक कंपन्यांकडे ४८ तास आधी सुरू होतं, तेव्हाच उरकून घ्या.

लहान मूल सोबत आहे. वेगळं बसवलं तर?

इथे नियम तुमच्या बाजूने आहे. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने स्पष्ट सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर) प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ सीट द्यायची, आणि त्याची नोंदही ठेवायची. म्हणजे नुसतं मूल जवळ बसावं म्हणून सीटचे पैसे भरायची सक्ती नाही.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, मुलाचं आणि मोठ्याचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. आईचं तिकीट ऑफिसने काढलं आणि मुलाचं बाबांनी नंतर मोबाइलवर, की सिस्टीमच्या दृष्टीने ते दोन अनोळखी प्रवासी. असं झालं असेल तर कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंग जोडून घ्या. दुसरी, नियम 'निदान एका' पालकाचा आहे. दोघं आई-बाबा आणि दोन मुलं एकाच रांगेत हवे असतील तर तो हक्क होत नाही, त्याचे पैसे लागू शकतात.

मांडीवरच्या बाळाबद्दल आणखी एक. एका बाजूच्या तीन सीटवर साधारणपणे चारच ऑक्सिजन मास्क असतात, त्यामुळे त्या तीन सीटमध्ये एकच तान्हं बाळ बसवता येतं. दोन बहिणी आपापलं बाळ घेऊन शेजारी-शेजारी बसायला निघाल्या आणि क्रूने एकीला उठवलं, तर त्यामागे हे कारण असतं. पॅसेजच्या दोन बाजूंना समोरासमोर बसा, काम होतं.

आई-बाबा पहिल्यांदाच दोघंच जाणार आहेत. त्यांच्यासाठी सीट विकत घ्यावी का?

आमचं मत: हो, इथे घ्या. दोन मोठ्या माणसांना शेजारी बसवायचा नियम नाही. पहिल्या प्रवासात पट्टा लावण्यापासून बाथरूम शोधण्यापर्यंत सगळं नवीन असतं, त्यात दोघं दहा रांगा लांब पडले तर उगाच जीव टांगणीला. पुढच्या महागड्या रांगांची गरज नाही. मधल्या-मागच्या रांगेत शेजारच्या दोन स्वस्त सीट घ्या, त्यातली एक पॅसेजची.

गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर सांगून ठेवा, शक्यतो ४८ तास आधी. अशा प्रवाशांना आधी आत सोडतात. अपंग प्रवाशांसाठी डीजीसीएचे स्वतंत्र नियम आहेत. मे २०२२ मध्ये रांचीला एका विशेष गरजा असलेल्या मुलाला इंडिगोने विमानात चढू दिलं नाही, त्याबद्दल कंपनीला पाच लाखांचा दंड झाला. त्यानंतर नियम आणखी कडक झाले: प्रवाशाची तब्येत हवेत बिघडेल असं कंपनीला वाटलं तर विमानतळावरच्या डॉक्टरने तपासायला हवं, कर्मचाऱ्याने नुसतं बघून ठरवायचं नाही.

काउंटरवर बोर्डिंग पास छापून घ्यायचे पैसे मागितले तर?

देऊ नका. काही कंपन्या यासाठी २०० रुपये घेत होत्या. जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाने तसं करता येणार नाही असं कळवलं.

विमान ७ वाजताचं आहे. मग ६:३५ ला गेट का बंद?

तिकिटावरचे ७ म्हणजे विमान जागेवरून हलायची वेळ. तोपर्यंत दरवाजे बंद, सामान चढलेलं, माणसांची मोजदाद आणि वजनाचा हिशेब पायलटकडे पोचलेला हवा. म्हणून गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं आणि सामान घेणारं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी. तुमच्या कंपनीची नेमकी वेळ बोर्डिंग पासवर असते, तीच पाळा.

इतकी घाई का, हे समजलं तर बाकीचे बरेच नियम आपोआप समजतात. स्वस्त विमान कंपनीचं सगळं गणित विमान जमिनीवर किती कमी वेळ थांबतं यावर चालतं. ही रीत अमेरिकेतल्या साउथवेस्टने बसवली. १९७२ मध्ये पैशांच्या ओढाताणीत तिला चारपैकी एक विमान विकावं लागलं, आणि उरलेल्या तीन विमानांवर चारचं वेळापत्रक चालवण्यासाठी विमान गेटला लागल्यापासून दहा मिनिटांत परत सोडायचं ठरलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये इंडिगोने दोनऐवजी तीन दरवाजांतून प्रवासी उतरवायला सुरुवात केली, तीही यासाठीच. १३-१४ मिनिटांचं काम ७-८ मिनिटांत होईल असं कंपनीने सांगितलं होतं. तुमचं पुणे-दिल्ली विमान दिवसभरात आणखी चार-पाच फेऱ्या मारणार असतं. सकाळी झालेला दहा मिनिटांचा उशीर रात्रीपर्यंत प्रत्येक फेरीला सोबत करतो. म्हणूनच एका प्रवाशासाठी गेट थांबत नाही.

आणखी दोन सूचना. मुंबईत कुठलं टर्मिनल ते आदल्या दिवशी परत तपासा, कारण इंडिगोची विमानं टी-१ आणि टी-२ दोन्हीकडून सुटतात. आणि गेटवर पुकारा होईल या भरवशावर कॉफी पीत बसू नका. मुंबईसारख्या विमानतळावर प्रत्येक विमानाचा पुकारा होत नाही, स्क्रीनवरच बघावं लागतं.

बोर्डिंग पासवरचा सीक्वेन्स नंबर म्हणजे रांगेतला नंबर का?

नाही. तुम्ही कितवे चेक-इन केलं तो तो नंबर. आत कधी सोडायचं ते झोनवर (चढण्यासाठी पाडलेल्या गटावर) किंवा सीटच्या रांगेवर ठरतं.

झोन पुकारायच्या आधीच सगळे उभे राहतात. आपणही राहावं का?

सीट ठरलेली आहे, ती कुणी नेत नाही. एअर डेक्कन २००३ मध्ये सुरू झाली तेव्हा सुरुवातीला सीट नंबरच नव्हते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी तिथे धावाधाव व्हायची. आता ते कारण उरलेलं नाही.

लवकर चढायचं एकच खरं कारण आहे: डोक्यावरचा सामानाचा कप्पा. केबिन बॅग सात किलोपर्यंत चालते, पण सगळ्यांच्या चाकाच्या बॅगा मावतील एवढी जागा वर नसते. शेवटी चढणाऱ्याची बॅग दहा रांगा मागे जाते किंवा खाली सामानात टाकायला घेतात. तशी वेळ आली तर औषधं, दागिने, लॅपटॉप आणि पॉवर बँक काढून हातात घ्या. पॉवर बँक खाली पाठवता येतच नाही. तुमच्याकडे पायाशी मावणारी पिशवी असेल तर निवांत बसा आणि रांग सरली की उठा.

समोर एरोब्रिज रिकामा दिसतो आणि आम्हाला बसमध्ये घालतात. का?

एरोब्रिजचे, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या बोळाचे, पैसे कंपनीला पडतात, आणि त्यातून बहुतेकदा पुढचा एकच दरवाजा वापरता येतो. विमान लांब उभं केलं की पुढचा-मागचा दोन्ही उघडतात आणि काम लवकर होतं. तुमची सीट विमानाच्या मागच्या अर्ध्या भागात असेल तर मागच्या दाराने चढा. पुढून शिरलात तर सामान लावणाऱ्या निम्म्या विमानाला ओलांडत जावं लागेल. बसमध्ये पहिल्यांदा चढणारा आत ढकलला जातो आणि उतरताना शेवटचा असतो, त्यामुळे तिथे पळण्यात काहीच हशील नाही.

कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गच्या छोट्या विमानात वेगळं काही असतं का?

असतं. एटीआर ७२ हे पंखे असलेलं विमान. प्रवाशांचा दरवाजा मागे आणि सामानाचा कप्पा पुढे. म्हणजे मागची सीट घेतली तर आधी उतरता येतं, मोठ्या विमानाच्या नेमकं उलट. एका बाजूला दोनच सीट, त्यामुळे मधली सीट नावाचा प्रकार नाही. इथे सीटचे पैसे भरायची गरज आम्हाला फारशी वाटत नाही. डोक्यावरचा कप्पा मात्र लहान असतो, चाकाची मोठी बॅग त्यात जात नाही.

या विमानात प्रवासी कमी असले तर क्रू काही जणांना उठवून दुसऱ्या रांगेत बसवतात. तोल सांभाळण्यासाठी ते लागतं, वाद घालू नका. मोठ्या विमानातही उड्डाणाआधी मनाने सीट बदलू नका. विमान वर स्थिर झालं, पट्ट्याचा दिवा विझला, की क्रूला विचारून रिकाम्या सीटवर जाता येतं, पण जास्त पैशांच्या सीटवर नाही.

पैसे भरायचेच असतील तर कुठली सीट घ्यावी?

उंच माणसाने आपत्कालीन दरवाजाजवळची. इंडिगोच्या बहुतेक ए३२० विमानांत त्या १२ आणि १३ क्रमांकाच्या रांगा. यात १३ जास्त चांगली, कारण १२ ची पाठ मागे जात नाही. पहिल्या रांगेत पाय पसरायला मिळतात पण समोर सीट नसल्याने पायाशी पिशवी ठेवता येत नाही. शेवटच्या रांगेसाठी एक रुपयाही देऊ नका: पाठ मागे जात नाही, शेजारी बाथरूम, आणि तिथे उभी राहणारी रांग तुमच्या खांद्याला टेकून. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या जरा पुढे एका ठिकाणी खिडकीच्या सीटला खिडकीच नसते, नुसती भिंत. अकासा, स्पाइसजेट किंवा एअर इंडिया एक्सप्रेसच्या ७३७ मध्ये मुलासाठी मुद्दाम खिडकी घेत असाल तर हे बघून घ्या.

मुंबई-गोव्यासारख्या तासाभराच्या प्रवासात मोठी माणसं एकटी जात असतील तर आम्ही सीट घेऊच नका असं सांगतो.

आपत्कालीन दरवाजाजवळ कुणालाही बसता येतं का?

नाही. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, बाळ घेतलेले, सीटचा पट्टा पुरत नाही म्हणून जोडपट्टा लागणारे आणि हालचालीला अडचण असलेले प्रवासी तिथे बसू शकत नाहीत. तो दरवाजा वजनदार असतो आणि वेळ आली तर तुम्हालाच उघडायचा असतो. क्रू उड्डाणाआधी येऊन समजावून सांगतात आणि तयार आहात का विचारतात. त्यांचं बोलणं नीट कळत नसेल तर सरळ सांगा, दुसरी सीट देतात. ऑनलाइन पैसे भरले म्हणून ज्येष्ठांनी तिथे हट्टाने बसू नये.

एकटी बाई प्रवास करत असेल तर?

इंडिगोने मे २०२४ पासून सोय केली आहे: बुकिंगमध्ये स्त्री प्रवासी असं नोंदलं असेल तर कुठल्या सीटवर बायका बसल्या आहेत ते वेब चेक-इनच्या वेळी दिसतं. त्यासाठी नाव भरताना श्रीमती किंवा कुमारी हा रकाना बरोबर भरा.

पैसे भरून घेतलेली सीट ऐनवेळी बदलली. परत मिळतील का?

मागा, मिळायला हवेत. आमच्या एका नात्यातल्या काकांनी पाय मोकळे राहावेत म्हणून पुढची सीट घेतली होती. विमान बदललं, गेटवर नवीन बोर्डिंग पास हातात ठेवला, आणि त्यावर पंचविसाव्या रांगेतली मधली सीट. कुणी काही सांगितलं नाही आणि पैसे आपोआप परतही आले नाहीत. जुन्या बोर्डिंग पासचा फोटो होता म्हणून मागणी करता आली. तेव्हा चेक-इन झालं की लगेच स्क्रीनशॉट काढा, नवीन पासही जपून ठेवा, आणि त्याच दिवशी ईमेल करा. कंपनीने स्वतःच्या कारणाने सीट बदलली आणि तशीच दुसरी दिली नाही तर सीटचे पैसे परत, असं बहुतेकांच्या अटींत असतं. तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलं तर मात्र सीटचे पैसे सहसा जातात.

कन्फर्म तिकीट आहे, वेळेवर पोचलो, तरी 'विमान फुल आहे' म्हणाले.

हे पाठ करून ठेवा. कंपनीने आधी स्वखुशीने मागे राहणारे प्रवासी शोधायचे असतात. तरीही तुम्हाला नाइलाजाने ठेवलं, तर मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिल्यास भरपाई नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क याच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. २४ तासांनंतरचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. दुसरं विमान नकोच असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये.

काउंटरवर आवाज चढवू नका, पण लेखी मागा: 'विमान भरल्यामुळे प्रवास नाकारला' एवढं एक वाक्य. कर्मचारी कधीकधी 'उशिरा आलात' अशी नोंद करतात, आणि तशी नोंद झाली की भरपाई गेली. विमानतळात शिरल्याची वेळ दाखवणारी टॅक्सीची पावती किंवा वेब चेक-इनचा मेसेज इथे कामाला येतो.

गेट खरंच चुकलं. सगळे पैसे गेले का?

भाडं बहुतेक गेलं. पण विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर परत मागता येतात, अगदी सवलतीच्या नापरतावा तिकिटावरसुद्धा. मागणी न करणाऱ्यांचे ते राहून जातात.

परदेशात राहणाऱ्या मुलीकडे जातोय. तिथल्या स्वस्त विमानांचं काय?

तिथे नियम जास्त काटेकोर. युरोपात रायनएअरने नोव्हेंबर २०२५ पासून कागदी बोर्डिंग पास बंद केला, पास त्यांच्या ॲपमध्येच दिसतो. विमानतळावर पोचण्याआधी ऑनलाइन चेक-इन केलं नसेल तर तिथे ५५ युरो किंवा पौंडांचा भुर्दंड. लंडनला मुलांकडे राहून रोम-पॅरिस करणाऱ्या आई-बाबांना हा फटका हमखास बसतो, तेव्हा चेक-इन मुलांकडूनच करून घ्या आणि ॲप आई-बाबांच्याच फोनवर टाका. अमेरिकेत साउथवेस्टने १९७१ पासून चाललेली 'आधी येईल त्याची सीट' ही पद्धत २७ जानेवारी २०२६ पासून संपवली. जुन्या अनुभवावरून कुणी बोर्डिंग गटांचं सांगत असेल तर आता सीट नंबर बघा.

तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी. उत्तर आलं नाही तर वेबसाइटवर नोडल अधिकारी आणि त्यांच्या वरचा अपील अधिकारी यांचे पत्ते असतात, त्यांना क्रमाने लिहा. सोबत मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर पीएनआर आणि पासचे फोटो जोडून तक्रार टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही मराठीत बोलता येतं. तरी भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला फी लागत नाही.